गांबियातली सवत

युस्टेसला मी पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच त्याच्यावर ओरडले.

चौऱ्याऐंशी सालचा जुलै होता. बहारीनमध्ये जुलैत उन्हाला तोंड द्यायचं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. शुक्रवारची चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपली की माझी रूममेट अ‍ॅग्नेस आणि मी तुबलीतल्या कामगारांच्या कॅम्पवर जायचो. दोघीही हॉस्पिटलात नर्स, पण हे काम फुकटचं, मनापासूनचं. त्या दिवशी कॅम्पात दहा-बारा जणांना जुलाब लागले होते. मी पेटी घेऊन पोचले, तर पत्र्याच्या सावलीत एक तरुण उलट्या क्रेटवर बसून बाटलीच्या बुचानं साखर मोजत होता. तीन बाटल्या पाणी, आठ बुचं साखर, एक बूच मीठ. भोवती कामगार गुपचूप बघत होते.

"बुचानं औषध मोजतात का कुणी?" मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. कपाळावर घाम, डोळ्यांत मात्र हसू... "सिस्टर, चमचे घरोघरी वेगळे असतात. बूच सगळ्यांकडे सारखं."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या बायकोनं."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. दोन मिनिटांपूर्वी पाहिलेल्या माणसाला बायको असली तर मला काय त्याचं? पण वाटलं.

तो तरुण ज्या गॅरेजात कामाला होता तिथला फोरमन, संगमेश्वरचा रावजी, मला गाडीपर्यंत सोडायला आला. मी आडून आडून विचारलं. तो हसत सुटला. म्हणाला, "बायको? सिस्टर, तो सडाफटिंग आहे. त्याची बायको आफ्रिकेत आहे, नि ती सत्तर वर्षांची आहे."

पुढच्या शुक्रवारी युस्टेसनं सगळं सविस्तर सांगितलं. तो आमच्याच वसईचा, गिरीजचा, मी नंदाखालची. चर्चच्या एका संस्थेतर्फे तो दोन वर्षं गांबियात, जाराकुंदा नावाच्या खेड्यात, आरोग्यसेवक म्हणून राहिला होता. आता नईममध्ये भावाकडे राहून गॅरेजचं स्टोअर सांभाळत होता. त्या गावात आजी नातवाच्या वयाच्या मुलाला थट्टेनं 'नवरा' म्हणते, आणि त्यानं तिला 'बायको' म्हणायचं, अशी रीत. गावची सुईण सिरा पहिल्याच दिवशी त्याच्या ओट्यावर येऊन बसली आणि सगळ्यांदेखत तिनं त्याच्यावर हक्क सांगितला. मला हसू आलं. त्या दिवशी तरी आलं.

मग आम्ही भेटू लागलो. तुम्हीचं तू झालं. समुद्राकाठी चालताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा, आणि मग दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पाण्याकडे बघायचो. मला त्याचं बोलणं आवडायचं. पहाटे बायकांच्या मुसळांचे आवाज, आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगून त्याच्या झोळीत तोललेली बाळं, सायकलवरून लसींची पेटी नेताना चाकात भरणारी वाळू... पण प्रत्येक गोष्टीत शेवटी सिरा यायचीच. अडलेली बाई असली की सिरा तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. याला ताप आला की सिरा तीन दिवस उशाशी. सिरा रागावली की बोलायची नाही, नुसती उखळीत मुसळ जोरात आपटायची.

"मी रागावले की काय करते?" मी एकदा विचारलं.

"तू बोलतेस," तो म्हणाला. "खूप."

चर्चच्या लोकांची सहल झल्लाकच्या किनाऱ्यावर गेली, तेव्हा मी पहाटे उठून कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी वाट बघत होते...

"सिरा यात शेंगदाण्याचं कूट घालायची," तो म्हणाला.

मी त्याच्या पुढ्यातून डबा उचलला आणि अ‍ॅग्नेसला दिला. अ‍ॅग्नेसनं तो निवांतपणे संपवला. घरी येताना ती मला म्हणाली की सेलिन, तू वेडी आहेस, ती म्हातारी बिचारी चालताना काठी धरत असेल. मी म्हटलं, धरू दे. तरुण सवत परवडली, तिच्याशी रूपावरून तरी भांडता येतं. हिच्याशी कशावरून भांडायचं? हिनं शेकडो बाळं जगात आणलीत, आणि मी रात्रपाळीला नाडी मोजते. मला मत्सर वाटत होता, आणि तो थट्टेतला नव्हता. काळजात काहीतरी रुतल्यासारखा होता.

कारणही होतं. संस्थेनं युस्टेसला परत बोलावलं होतं, आणखी दोन वर्षांसाठी. होय की नाही, ते डिसेंबरअखेर कळवायचं होतं. ते पत्र तो खिशात घेऊन हिंडत होता. माझंही हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत नवं व्हायचं होतं. तो राहिला तर लग्न, तो गेला तर... पुढचं मी मनात म्हणायचीसुद्धा नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मीच विषय काढला. त्यानं खिशातलं पत्र काढलं, पुन्हा आत ठेवलं. मग म्हणाला, "मला तू हवी आहेस, सेलिन. हे मी कधीपासून म्हणणार होतो..."

"मग म्हण ना. कुणी अडवलंय?"

"थोरलीनं," तो गालात हसला. "तिकडे दुसरी बायको करायची तर पहिलीला विचारावं लागतं."

दुसऱ्या कुठल्याही मुलीनं त्याला एक चापट मारली असती आणि लाजून हसली असती. मी पर्स उचलून चालायला लागले. तो मागून धावत आला, माफी मागितली, पण मी ऐकतेय कुठली. मी म्हटलं, दे तिचा पत्ता, मीच विचारते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, डोकं थंड झाल्यावर मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, कारण जाराकुंदाचे मास्तर ते तिला वाचून दाखवणार होते. डोकं थंड झालं होतं असं मला वाटत होतं. लिहिलं ते असं: मी नर्स आहे, तुमची सवत होणार आहे, मी युस्टेसशी लग्न करणार आहे, तुम्ही त्याला दोन वर्षं ठेवलंत, आता मला द्या. त्याला परत बोलावू नका. पाकीट त्याच संध्याकाळी टपालपेटीत टाकलं.

सात आठवडे गेले. डिसेंबरची गार हवा सुटली. युस्टेस मला आडवळणानं विचारायचा की काय लिहिलंस, आणि मी सांगायची नाही. संस्थेचं पत्र अजून त्याच्या खिशातच होतं. आम्ही भेटायचो, बोलायचो, पण दोघांच्या मध्ये ती म्हातारी येऊन बसल्यासारखी वाटायची.

उत्तर आलं ते शुक्रवारी सकाळी अ‍ॅग्नेसनं माझ्या हातात ठेवलं. मी ते तुबलीला घेऊन गेले. युस्टेस कामगारांचे पाय बघत बसला होता, कुणाला सिमेंटनं फोड आले होते. मी त्याच्यासमोरच पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, भीती लपवायला.

मास्तरांचं अक्षर सुबक होतं. सिरा सांगते, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. 'नवरा तू ठेव. या गावातलं नातवाच्या वयाचं प्रत्येक पोर माझा नवराच आहे, एक गेला तर मी उपाशी राहत नाही. माझा राग वेगळा आहे. तू माझी सवत म्हणवतेस आणि घरी येत नाहीस. आमच्यात नवी बायको आली की थोरलीच्या हातातलं मुसळ घेते, थोरली ओट्यावर बसते. माझे डोळे गेलेत, मुली. गेल्या पावसाळ्यात दोन बायका माझ्या हातावर गेल्या. अंगाखाली रक्त साचत होतं, ते मला दिसलं नाही. तू नर्स आहेस असं मास्तर वाचतात. तू ये. नवऱ्याला आणायचं की नाही, ते तुझं तू बघ.'

मला माझीच लाज वाटली. इतके महिने मी त्या बाईशी भांडत होते, आणि तिला माझ्याकडून हवे होते ते फक्त दोन डोळे.

युस्टेस उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर आणखीही काहीतरी होतं. मला ते ओळखीचं वाटलं, कारण आरशात मी ते रोज बघत होते.

"माझ्याबद्दल काहीच नाही?" तो म्हणाला. "कसा आहेस, एवढंसुद्धा नाही?"

"नाही."

"दोन वर्षं राहिलो मी तिथं. आणि ती तुला बोलावते?"

मला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. त्यानं माझा हात धरला, रावजी आणि अख्ख्या कॅम्पादेखत. मी सोडवून घेतला नाही. त्याच्या खिशातलं पत्र मी स्वतःच काढलं. त्याला म्हटलं, याचं उत्तर मी लिहिणार, एक नर्स येतेय म्हणून. आणि हॉस्पिटलला सांगणार की नवं कॉन्ट्रॅक्ट नको.

"आणि मी?"

"लग्न करून चल. ती तुला नको म्हणाली तरी मला हवा आहेस."

त्यानं खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"पण एक सांगून ठेवते," मी म्हटलं. "तिथं गेल्यावर तू तिला बायको म्हणायचं नाही."

"आणि ती मला नवरा म्हणाली तर?"

"ती म्हणेल," मी म्हटलं. "ती थोरली आहे."