शेवटच्या पानावरचं नाव

“पेटीला हात लावू नका, अण्णासाहेब!” भिमाजी ओव्हाळचा आवाज चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत असा कधीच चढला नव्हता.

त्याच्या बायकोला, कस्तुराला, जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि ती काम करायची त्या छापखान्याचे मालक अण्णासाहेब तिची अठरा पुस्तकं पुण्याच्या प्रदर्शनासाठी मागायला आले होते. जुन्या सरदारांची पत्रं, हातकागदावर छापलेली, प्रत्येक पुस्तकाच्या पन्नासच प्रती... मग जुळवलेले अक्षरांचे खिळे सोडवून परत खणांत. पुरा संच एकट्या कस्तुरापाशी होता, कारण अठरा दिवाळ्या तिनं मालकांनी देऊ केलेलं लुगडं नाकारून त्या वर्षीचं पुस्तक मागून घेतलं होतं. भिमाजी हसायचा, “कागद नेसणार हायेस व्हय?” ती नुसती पेटी बंद करायची.

ती गेल्यावर त्यानं पहिल्यांदाच एकेक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत उलगडलं. मालकांचं नाव होतं, कागद देणाऱ्याचं होतं. जिनं शिशाचा एकेक खिळा बोटांनी जुळवला, तिचं कुठंच नव्हतं! आणि आपण अठरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही... त्याला स्वतःची लाज वाटली होती.

“तिचं नाव घाला, मग न्या.”

“अहो, जुळणी करणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही.”

“मग मी घालतो.” त्यानं कामावर लागणारी पेन्सिल काढली आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ओढून ओढून लिहिलं : जुळणी, कस्तुरा भिमाजी ओव्हाळ.

“प्रत नासवलीत!” अण्णासाहेब कळवळले. “मालोजी, आवर तुझ्या वडलांना. उद्या कामावर यायचंय ना तुला?”

कोपऱ्यात उभा असलेला मालोजी त्याच छापखान्यात आईच्या जागेवर लागला होता. तो पुढं आला. त्यानं बापाच्या हातातली पेन्सिल घेतली.

“आबा, आता मी लिहितो. द्या.” आणि त्यानं दुसऱ्या पुस्तकात आईचं नाव लिहिलं. “आता सांगा अण्णासाहेब, उद्या येऊ का नको?”

अण्णासाहेबांनी पुस्तक हातात घेऊन ते नाव वाचलं. मग ते खाटेच्या कडेवर बसले.

“ये,” ते म्हणाले. खिशातलं शाईचं पेन काढून त्यांनी पुढं केलं. “पेन्सिल पुसली जाते.”

भिमाजीनं पेन घेतलं नाही. तिसरं पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्हीच लिहा.”

त्यांनी लिहिलं. पाच पुस्तकांत नाव लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. भिमाजीचेही डोळे भरून आले होते, पण त्यानं पुढचं पुस्तक उघडलं.

“अजून अकरा हायेत, अण्णासाहेब.”