लेबलाची कोरी बाजू

आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, पण मागच्या दाराशी वाइनच्या रिकाम्या बाटल्यांचा असा ढीग असतो की शेजारी आम्हाला काय समजत असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून बाटल्या आणायच्या, लेबलं काढायची आणि आत दिव्यांची माळ सोडून टेबलावरचे दिवे करायचे, हा माझ्या नवऱ्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पद्धत पक्की: बादलीत गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बाटली आडवी बुडवायची आणि धीर धरायचा. धीर तेवढा आमच्या माणसाकडे नाही. तो नखाने खरवडायला जातो आणि कागदाचा नुसता लगदा होतो.

लेबल अखंड निघतं ते फक्त ताईंच्या हातून. ताई म्हणजे माझी नणंद, याची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याला वाढवलं ते ताईंनीच. त्यांचं विसरणं वाढलं तशा त्या आमच्याकडे राहायला आल्या. आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण बोटं शहाणी आहेत. लेबलाचा ओला कोपरा अंगठ्याने उचलतात आणि झोपलेल्या मुलाच्या अंगावरून चादर काढावी तसा कागद सोलतात.

भावाला त्या आता "अहो मास्तर" म्हणतात. पूर्वी "ठोंब्या" म्हणायच्या. साठी उलटलेल्या माणसाला चारचौघांत ठोंब्या! तेव्हा हा चिडायचा. आता तीच हाक पुन्हा एकदा कानावर पडावी म्हणून जीव टाकतो. रोज दुपारी बादलीपाशी बसून विचारतो, "ताई, मी कोण गं?"

"तुम्ही लेबलवाले मास्तर," त्या अदबीने सांगतात.

हा हसतो, आणि सोडा आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभा राहतो.

एका दुपारी ताईंनी लेबल सोललं, छापील बाजूकडे पाहिलंही नाही, उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं.

"जिन्यावरून गडगडला," त्या म्हणाल्या. "हनुवटीला टाके पडले. मीच कडेवर घेऊन दवाखान्यात धावले."

मला आनंदाने भरून आलं. हा किस्सा मी नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की पाठ झाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हनुवटीवरून बोट फिरवत होता.

"मला टाके पडले होते?" त्याने विचारलं.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केलेली बाई. भिंगाखाली दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. ताईंच्या हातातला कागद घेऊन मी उजेडात धरला. पांढरा, चिकट, मध्ये हवेचा एक फुगा. बाकी काही नाही.

पुढच्या लेबलावर ताईंनी शाळेचा पहिला दिवस वाचला. त्याच्या पुढच्यावर गोवर, आणि उशाशी बसून काढलेल्या रात्री. त्या खुलत चालल्या. केस स्वतः विंचरू लागल्या, आमटीत मीठ कमी आहे म्हणून मला चक्क बोलल्या. आणि प्रत्येक वेळी माझा नवरा परक्याची गोष्ट ऐकावी तसा कौतुकाने विचारायचा, "हो? असं झालं होतं?"

मी बाटल्या माळ्यावर लपवल्या. त्याने शोधल्याच.

"अरे, तुझं जातंय," मी म्हणाले. "कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण ते तिचंच होतं. इतकी वर्षं मी सांभाळलं, आता तिचं तिला मिळू दे."

"आणि उद्या मलाही विसरलास तर?"

"तुला? लग्नाआधी मी छत्री बसमध्ये विसरलो म्हणून तू भर रस्त्यात माझी बिनपाण्याने केली होतीस. सगळं लख्ख आठवतंय." त्याने माझे डोळे पुसले. बाटल्या आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवल्या.

काल दुपारी शेवटची बाटली निघाली. लेबल हट्टी होतं. ताईंनी घाई केली नाही.

कागद सुटला. त्यांनी तो उजेडात धरला आणि खूप वेळ पाहत राहिल्या.

मग तो बाजूला ठेवून त्यांनी थेट माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. सगळा चेहरा उजळला.

"ठोंब्या!"

मी त्याचा खांदा घट्ट धरला. "ऐकलंस?"

"हो." त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो अगदी हळू बोलला. "कोणाला बोलावताहेत त्या?"

"अरे ठोंब्या, ये ना इकडे." ताईंनी दोन्ही हात पसरले.

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग, जो कोणी येणार होता त्याला वाट मिळावी म्हणून, आपली खुर्ची बाजूला सरकवली.