चौथीतले आजोबा

शाळा सुटल्यानंतरचा नाट्यवर्ग बाईंनी हौसेनं मागून घेतला होता. तिसरी-चौथीची मुलं, वरच्या मजल्यावरची चित्रकलेची खोली, बाकं भिंतीकडे सरकवून केलेली मोकळी जागा. खोलीला रंगांचा आणि ओल्या फडक्यांचा वास यायचा. पाठांतराचा जाच नको म्हणून बाई म्हणाल्या, "घर-घर खेळा. सुचेल ते बोला."

चौथीतली दोन वेण्यांवाली आजोबा झाली. तळहात गुडघ्यांवर टेकत, कण्हत ती खुर्चीतून उठली. "अगं, या पंख्यात कुणीतरी बसलंय बघ. सारखं कुरकुरतंय."

मुलं खो खो हसली. बाईही हसल्या.

संध्याकाळी घरी बाईंचे वडील तसेच, तळहात गुडघ्यांवर टेकत उठले. "अगं, या पंख्यात कुणीतरी बसलंय बघ," ते म्हणाले. "सारखं कुरकुरतंय."

बाईंच्या हातातलं पातेलं निसटता निसटता राहिलं. योगायोग असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. घरात बापलेक दोघंच. वर्गातलं एकही मूल कधी त्यांच्या घरी आलेलं नव्हतं.

पुढच्या तासाला खेळातल्या आजोबांनी दाढी करताना हनुवटी कापून घेतली. बाई घरी पोचल्या तेव्हा वडिलांनी हनुवटीवर कापूस दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन वेण्यांवालीला बाजूला घेतलं. "तुला हे सगळं कोण सांगतं गं?"

"कोण सांगणार? तुम्हीच म्हणालात ना, सुचेल ते बोला." तिला खरंच नवल वाटलं होतं.

खेळ सुरू झाला. आजोबा आंघोळीला निघाले. मुलीनं हवेतल्या हवेत कडी काढली, दार लोटलं आणि पाय उचलला. बाकीची मुलं न सांगताच मागे सरली. कुणी पडणार असलं की जागा करून देतात, तशी.

"थांब," बाई ओरडल्या.

ती एका पायावर थांबली. बाईंनी दंड धरून तिला मागे ओढलं, खुर्चीत बसवलं. वर्ग तिथंच सोडून जवळजवळ धावतच घर गाठलं.

वडील टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसले होते. अंग कोरडं. मोरीत साबणाचं पाणी सांडून चकचकत होतं.

"आंघोळीलाच निघालो होतो," ते दंड चोळत म्हणाले. "तूच ओरडलीस ना, थांब म्हणून? केवढ्यानं ओढलंस गं."

बाईंनी फडकं घेऊन मोरी कोरडी केली.

त्या दिवसापासून घर-घर बंद झालं, कविता सुरू झाल्या. मुलं कंटाळली, पालकांनी नाकं मुरडली, पण बाई बधल्या नाहीत. घरी सगळं सुरळीत होतं. वडील वेळेवर जेवत होते, बाईंना हळूहळू झोप लागू लागली होती.

मग एका दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि बाईंना वर्गावर जायला उशीर झाला. जिन्यातच त्यांचं पाऊल अडखळलं. वरून कविता ऐकू येत नव्हती.

त्यांनी दार लोटलं.

बाकं भिंतीला लागली होती. मुलं कडेनं गप्प बसली होती. मधोमध ती मुलगी. वेण्या सोडून तिनं बाईंसारखा अंबाडा घातला होता. समोर काहीच नव्हतं, तरी ती एकेक कपडा उचलून घडी घालत होती, हातानं सपाट करून बाजूला रचत होती.

"आजोबा कोण झालंय आज?" बाईंनी दारातूनच विचारलं.

मुलीनं वर पाहिलं नाही.

"आज आजोबा लागत नाहीत, बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या सदऱ्याची बटणं लावू लागली.