सात चमकत्या प्लेट

“माझ्या पोरानं न्हाई केलं ते,” मैनाबाई दारातूनच म्हणाल्या.

सत्यशीला राजवाडे यांनी चष्मा वर सरकवला. “केलं असतं तरी आई हेच म्हणते. बसा. काय नाही केलं?”

खासगी तपासनीस म्हणून बाईंचा लौकिक मोठा होता, जीभ त्याहून धारदार. त्यांचे सहकारी महिपती पानसे हे निवृत्त मास्तर. त्यांनी वही उघडली.

मैनाबाई आंबेगावच्या. त्यांचा साईनाथ कर्वेनगरच्या एका शाळेत अकरावीला. त्याच्यासह तीन मुलांच्या संघानं विज्ञान स्पर्धेसाठी जिवाणूंच्या जनुकांत बदल केला होता. दूषित पाणी मिळालं की ते जिवाणू जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकणार. गुरुवारी जेलीवर जिवाणू वाढवलेल्या सात प्लेट चमकल्या. शुक्रवारी सकाळी सातही ब्लीचमध्ये बुडवलेल्या सापडल्या. लॅबची किल्ली फक्त या तिघांकडे. साईनाथला त्याच दिवशी संघातून काढलं.

“का बरं त्यालाच?”

“गावाकडचं पोर हाय. दुसरं काय?”

शनिवारी दोघं शाळेत पोचली. आधी आली तेजस्विनी, संघाची प्रमुख. जनुकांचा आराखडा तिचा. महिपतींना पोरगी एकदम आवडली. अशी हुशार मुलं त्यांनी आयुष्यभर पहिल्या बाकावर बसवली होती.

“साईनाथ जेलस होता,” ती म्हणाली. “गुरुवारी दिवसभर एकच हट्ट, प्रयोग पुन्हा करू. इतका क्लीन रिझल्ट! जेली काळीभोर आणि जिवाणूंचा एकेक ठिपका काजव्यासारखा. सोमवारी स्पर्धेच्या परीक्षक स्वतः प्लेट तपासणार होत्या.”

मग नम्रता. तिला चित्रकलेचं वेड, पोस्टर तिच्याकडे. तिच्या बोटांना पिवळा रंग लागलेला पाहून महिपतींनी वहीत खूण केली.

“गुरुवारचा फोटो माझाच,” तिनं मोबाइल पुढे केला. “काहीही एडिट केलेलं नाही. आणि काकू, माझे चमकणारे पिवळे मार्कर कोणीतरी फोडतंय. आतली शाईची कांडीच गायब!”

सत्यशीलाबाईंनी फोटो महिपतींना दाखवला. प्लेट काठापासून काठापर्यंत हिरवी उजळली होती, मध्ये काळसर ठिपके.

“सुंदर,” महिपती म्हणाले.

“फारच,” बाई म्हणाल्या.

साईनाथ शेवटी आला. त्याला वायरिंगचा नाद. प्लेट उबदार ठेवणारी बल्बची पेटी त्यानंच बनवली होती.

“मला जिवाणू मारायचे असते तर पेटीची उष्णता वाढवली असती,” तो म्हणाला. “पेटी बिघडली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. ब्लीच कशाला ओतू?”

“मग पुन्हा प्रयोगाचा हट्ट का?”

“दूषित पाणी न घातलेली प्लेटसुद्धा चमकत होती.”

तासाभरानं बाईंनी मैनाबाईंनाही बोलावून घेतलं आणि तिघांसोबत लॅबमध्ये बसवलं.

“जिवाणू चमकले तर ठिपके चमकतात. या फोटोत ठिपके काळे आहेत, चमकतेय ती जेली. म्हणजे चमक जिवाणूंची नाही, जेलीत कालवलेल्या मार्करच्या शाईची. ती पिवळी शाई जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. सोमवारी परीक्षकांनी ते पाहताक्षणी ओळखलं असतं. म्हणून ब्लीच. त्यानं जिवाणूही जातात, शाईही.”

“मार्कर नम्रताचे,” महिपती घाईनं म्हणाले.

“ते फुटल्याची तक्रार तिनंच केली, महिपतराव. मूळ फोटोही तिनंच हातात दिला. चोर स्वतःविरुद्धचा पुरावा वाटत फिरत नाही. साईनाथ तर प्रयोग पुन्हा करा म्हणत होता. लबाडी करणाऱ्याला ते परवडलं नसतं. उरली एक. तेजस्विनी, तू काळी जेली आणि काजव्यासारखे ठिपके पाहिले म्हणालीस. तू पाहिलंस ते नव्हे, दिसायला हवं होतं ते सांगितलंस.”



“आठ महिने काहीच चमकलं नाही,” तेजस्विनी म्हणाली. “बाबांनी सगळ्या ऑफिसला सांगून ठेवलंय. शाई एकदाच, फोटोपुरती घालणार होते. मग साईनाथला संशय आला.”

“म्हणून माझ्या लेकावर ढकललंस व्हय?” मैनाबाई उठल्या.

“सॉरी, साईनाथ,” ती पुटपुटली.

महिपतींना वाटलं, पोरगा आता ‘जाऊ दे’ म्हणेल. वर्गात मुलं तसंच म्हणायची.

साईनाथनं आईला हातानं थांबवलं. “इथे नको. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी बोल. माइकवर.”

तेजस्विनीनं ओठ आवळले आणि होकारार्थी मान हलवली.