एकसष्टावी पेंढी

शनिवारी सकाळी लुटगार्ड चर्चच्या सभागृहातून वीस घडीच्या खुर्च्या उसन्या आणायला गेली, तेव्हा तिच्या डोक्यात भलतंसलतं काही नव्हतं. कॉफी पुरेल का आणि कामील मदतीला वेळेवर येईल का, एवढ्या दोनच काळज्या होत्या. जुन्या वास्तू लोकांना खुल्या करायचा सप्टेंबरातला शनिवार-रविवार होता तो, आणि अकरा वर्षांच्या खटपटीनंतर तिच्या कारखान्याचं दार पहिल्यांदाच उघडणार होतं.

वाल्मेर्श नगरपालिकेनं गावातल्या पाहण्यासारख्या इमारतींची एक पुस्तिका काढलेली होती. गाव केवढं, तर दोन बेकऱ्या आणि एक सिग्नल. त्यामुळे पुस्तिकेत सहाच इमारती, आणि त्यातही एकच छोटं प्रार्थनाघर एकदा पुढून आणि एकदा मागून छापून दोन आकडे भरलेले. कललेला मनोरा, पाद्रीबाबांचं जुनं घर, पाती गळालेली पवनचक्की. नदीकाठचा जवस कुजवायचा कारखाना मात्र त्यात नव्हता. तो पाडून तिथं फ्लॅट बांधायचे, हे नगरपालिकेत जवळजवळ ठरलेलंच होतं. वारसा समितीच्या बाई येऊन पाहणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर कारखाना पुस्तिकेत आणि वाचला. नाही म्हटलं तर नाताळाआधी बुलडोझर.

लुटगार्डचा बाप गास्पार या कारखान्याचा मुकादम होता. जवसाच्या काडीतला लिननचा धागा सुटायला ती आधी कुजवावी लागते. पेंढ्या सिमेंटच्या हौदात उभ्या रचायच्या, लोखंडी दार लावायचं, कोमट पाणी सोडायचं आणि चार दिवस वाट पाहायची. त्या चार दिवसांत जो वास सुटतो तो खवट लोण्याचा आणि आंबलेल्या उलटीचा असतो. बाप तो वास अंगावर घेऊन घरी यायचा, तो चादरींत मुरायचा, जेवणाच्या सुपात उतरायचा. शाळेत लुटगार्डच्या बाकावर कुणी बसत नसे. एकसष्टाव्या वर्षी तिला आता त्याच वासाचा अभिमान वाटत होता. ज्यांनी नाकं मुरडली त्यांना तिकीट काढून तो घ्यायला लावायचा, असा तिचा मनातला डाव होता.

म्हणून तिनं ठरवलं होतं की नुसत्या भिंती दाखवायच्या नाहीत. चार नंबरचा हौद खरोखरच भरायचा. साठ पेंढ्या तिनं स्वतः मोजून रचून घेतल्या होत्या.

दुपारी तेवीस माणसं हौदापुढे उभी राहिली. समितीच्या हेरमीन डेक्लेर्कबाई पुढच्या रांगेत, सारख्या घड्याळाकडे बघत. सर्वांत मागे पोस्टमन कामील, गावाचा ठरलेला विदूषक.

"दार लावायच्या आधी मुकादम आत हाक मारायचा," लुटगार्डनं सांगितलं. "पेंढ्या दोन थरांत, माणसापेक्षा उंच. आत दाबून बसवणारा माणूस दिसायचा नाही. म्हणून तीनदा विचारायचं, आत कुणी राहिलंय का? काही ऐकू आलं नाही की दार बंद."

"आणि ऐकू आलं तर?" कामीलनं मागून विचारलं.

"तर पोस्टमनला आत पाठवायचा."

लोक हसले. लुटगार्डनं दारात वाकून बापाच्या सुरात हाक दिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा "आत कुणी राहिलंय का?" म्हटलं, आणि पेंढ्यांच्या मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आहे..."

पुन्हा हशा पिकला. सगळ्यांनी कामीलकडे पाहिलं. कामीलनं दोन्ही हात वर करून मी नव्हे अशी खूण केली, आणि त्यावर तर जास्तच हशा झाला.

लुटगार्डही हसली. पण आवाज कामीलच्या बाजूनं आलेला नव्हता, तो समोरून आला होता. तिच्या चेहऱ्यावर आला होता, आणि त्याबरोबर एक ऊबही. हे तिला त्याच क्षणी पक्कं कळलं होतं. तिनं माणसं मोजली. तेवीस. आत पेंढ्यांखेरीज काही नाही हे तिनं सकाळीच पाहिलं होतं. आता सगळ्या पेंढ्या काढून पुन्हा रचायच्या म्हणजे तीन तास. डेक्लेर्कबाईंनी घड्याळ पाहिलं.

"बंद करायचं ना, मॅडम?" लुटगार्डनं विचारलं, जणू जबाबदारी त्यांची होती.

"करा की."

तिनं दार लावलं, कड्या आवळल्या आणि पाणी सोडलं.

रविवारी वास सुटला. लोक रुमाल लावून येत आणि पाच मिनिटांत बाहेर पळत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नदीत ओकारी काढली. हे सगळं लुटगार्डच्या मनासारखंच चाललं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. दुपारी हौदाजवळून जाताना तिलाच मळमळलं. लहानपणापासून ओळखीचा तो वास खवट होता, आंबट होता, पण त्यात झाडपाल्याचं काहीतरी असायचं. यात नव्हतं. हा वास न धुतलेल्या अंथरुणाचा होता, महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाच्या तोंडाचा होता. तिला किळस आली, आणि आपल्याला किळस आली याची लाजही वाटली.

फाटकापाशी खुर्ची टाकून फिर्मिन बसला होता. वय शहाऐंशी. गास्पारच्या हाताखाली काम केलेल्यांपैकी तेवढा एकच उरला होता.

"फिर्मिनकाका, हौदातून आवाज येतोय... टकटक."

"वायू सुटतो. पेंढ्या हलतात." त्यानं पाइपची राख झाडली. "हाक मारली होतीस ना पोरी?"

"मारली."

"तीनदा?"

"तीनदा."

"जबाब आला होता?"

लुटगार्डनं नदीकडे पाहिलं. "नाही."

फिर्मिननं पाइप खिशात ठेवला. मग म्हणाला, "तुझा बाप असताना दोनदा आला होता. माणसं सगळी बाहेर, सगळी मोजलेली, तरी आला. गास्पारनं सगळा हौद रिकामा करायला लावला. आम्ही त्याला शिव्या घातल्या. आत काही निघालं नाही. पुन्हा रचलं, पुन्हा हाक मारली, तेव्हा गप्प. मग दार लावलं."

"आणि रिकामा नसता केला तर?"

"वरच्या गावच्या मुकादमानं नव्हता केला. मग ज्यानं हाक मारली, त्यालाच ते आतून उचलून आणावं लागलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते लागत नाही म्हणतात."

"ते म्हणजे काय, काका?"

"मला काय माहीत. मी त्या गावात पुन्हा गेलो नाही." तो उठायला लागला. "तुला जबाब आलेला नाही ना. मग कशाला विचारतेस?"

अजूनही पाणी सोडून देता आलं असतं. सोमवारी दोनदा ती हौदाचं पाणी सोडायच्या चाकाला हात लावून उभी राहिली. दोन दिवसांत सोडलं तर जवस कच्चा राहणार, आणि बुधवारी डेक्लेर्कबाई हौद उघडताना पाहायला येणार होत्या. तिला बुलडोझर दिसला. कारखाना ही बापाची एकमेव वस्तू जगात शिल्लक होती. लुटगार्डनं चाकावरचा हात काढला आणि एप्रनला पुसला. तो बराच वेळ चिकटच राहिला.

बुधवारी सकाळी अकराला दार उघडलं. काळपट पाणी फेसासकट चरातून वाहून गेलं. आत कुणी नव्हतं. लुटगार्डला हायसं वाटलं. जवस सुरेख उतरला होता, मऊ आणि सोनेरी. कारखाना वाचवायला तिनं जमवलेल्या मंडळाचे चौघं आणि कामील पेंढ्या काढू लागले. ओली पेंढी जड असते. ती छातीशी कवटाळून, हनुवटी तिच्यावर टेकवून, बाहेर गवतावर न्यायची आणि बुंधे पसरून उभी करायची.

"साठ झाल्या," कामील एप्रन सोडत म्हणाला. "संपलं."

"एक राहिलीय," लुटगार्ड म्हणाली.

"कुठे?"

ती त्याच्या समोरच होती, हौदाच्या मधोमध उभी. कामीलनं तिकडे पाहिलं, खांदे उडवले आणि तो कॉफी प्यायला गेला. डेक्लेर्कबाई दारात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांना मात्र ती दिसत असावी, कारण त्या म्हणाल्या, "ही केवढी छान आली आहे. आणा की बाहेर."

लुटगार्ड आत गेली. पायाखाली बुळबुळीत साका होता. त्या पेंढीला बंध नव्हता, तरी ती सुटत नव्हती. बाकीच्या थंडगार होत्या. हिच्यात ऊब होती. लुटगार्डनं दोन्ही हात घालून ती कवटाळली. काड्यांच्या आत बोटं रुतली आणि काहीतरी नरम लागलं. कढत नाही, गार नाही, अंगाएवढंच.

तिनं उचललं, तेव्हा पेंढीनं भार टाकला. झोपेतून उचललेलं माणूस खांद्यावर मान टाकतं, तशी ती लुटगार्डच्या मानेशी टेकली. कानाखाली एक ओला, खवट श्वास सुटला. मग आणखी एक.

"सगळं ठीक आहे ना?" डेक्लेर्कबाईंनी विचारलं.

त्याच वेळी तिला ती फेकून देता आली असती, ओरडता आलं असतं, आत कुणीतरी होतं आणि मी दार लावलं, असं सांगता आलं असतं. लुटगार्ड हसली. "ओली आहे ना... जड लागते." आणि ती पेंढी तिनं सर्वांसमोरून, वीस पावलं, छातीशी धरून बाहेर आणली.

"ही गवतावर नको," डेक्लेर्कबाई म्हणाल्या. "ही आतच ठेवा. मोठ्या दालनात, दारासमोर. लोकांना कळायला हवं इथं काय होत होतं ते." आणि वहीत काहीतरी लिहून त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "माझ्याकडून हो आहे बरं का."

ऑक्टोबरात बाकीच्या साठ पेंढ्या वाळून हलक्या झाल्या आणि शाळांना वाटून टाकल्या. नोव्हेंबरात पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. त्यात सात नंबरला कारखाना होता, रंगीत फोटोसह. नगराध्यक्षांनी भाषण केलं आणि गास्पारचं नाव घेताना चुकून गस्टाफ म्हटलं, तरी लुटगार्ड रडली. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

दालनातली पेंढी मात्र वाळेना. आठवडाभरात तिच्याखाली पिवळट, तार सुटणारं पाणी साचायचं, पाहुण्यांना दिसण्याजोगं. दर सोमवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी लुटगार्ड एकटी यायची, आतून कडी लावायची, पेंढीला कवटाळून बाजूला घ्यायची, खालची फरशी पुसायची आणि पुन्हा कवटाळून जागेवर ठेवायची. घरी गेल्यावर ती तीनदा अंग धुवायची. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी ती बेकरीच्या रांगेत उभी होती. पुढची बाई अवघडून जराशी सरकली. काउंटरवरच्या मुलीनं पाव देताना श्वास रोखून धरला. मागे फिर्मिन होता. त्यालाच काय ते तिच्या जवळ उभं राहता येत होतं, त्याचं नाक कारखान्यातच मेलं होतं.

"पुस्तिका पाहिली," तो म्हणाला. "फोटो चांगला आलाय. फोटोत तुझ्या हनुवटीएवढा आहे, तो दालनातला."

लुटगार्डनं पाव पिशवीत घातला.

"आता केवढा आहे, पोरी?"

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. पण या माणसाशी ती एकदा खोटं बोलली होती, पुन्हा बोलवेना. तिनं हात वर केला. हनुवटीच्या वर, डोळ्यांच्या वर, आपल्या डोक्याच्याही वीतभर वर नेऊन थांबवला.

फिर्मिननं मान डोलावली. मग तिच्या कोटाची कॉलर कानाखाली ओली झाली होती, ती त्यानं हलकेच सरळ केली.

"म्हणजे आता," तो म्हणाला, "तुला जवळ घ्यायला त्यालाच वाकावं लागत असेल..."

लुटगार्ड नाही म्हणाली नाही.