तिसरा टाइट एंड

शिडीची शेवटची पायरी गारठ्यानं गुळगुळीत झाली होती. मारेनचा पाय सटकला. आता आपण कॅमेऱ्यासकट चिखलात जाणार, असं तिला वाटलं, तेवढ्यात पाठीवरची सॅक कुणीतरी वरच्या वर धरली आणि ती मांजराच्या पिल्लासारखी हवेत लोंबकळत राहिली.

"बाविसाव्या डावात मला उणे कुणी दिलं?" मागून एक जाड, शांत आवाज आला.

"आधी खाली ठेव!"

"आधी नाव."

"मीच दिलं. मारेन टोलेफसन. आता काय करणारेस?"

"तोच विचार करतोय… ठेवू की सोडू?"

त्यानं तिला अलगद जमिनीवर ठेवलं. तिनं वळून पाहिलं, तर डोळ्यांसमोर नुसता शर्टाचा नंबर आला. चेहरा बघायला मान बरीच वर करावी लागली. भुवयांवर बर्फाचे कण विरघळत होते आणि तो हसू दाबत होता — आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

हा गस कोलार. प्लॅट नदीकाठच्या आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला तिसरा टाइट एंड. टाइट एंड म्हणजे ओळीच्या टोकाला उभा राहणारा गडी. समोरच्याला अडवायचं आणि संधी मिळालीच तर पळत जाऊन चेंडूही झेलायचा, अशी त्याची दुहेरी चाकरी. बहुतेक संघ असा एकच मैदानात ठेवतात. पण त्या मोसमात आमचे दोन वेगवान झेलणारे गुडघे धरून बसले आणि कोच रिडेनूरनी त्यांच्या जागी टाइट एंडच उतरवले. एक नाही, एकदम तीन! आमच्या नेब्रास्का राज्यभर चेष्टा झाली. हा फुटबॉल आहे की घरसामान हलवणं, असं लोक विचारायचे. मग आम्ही ओळीनं चार सामने जिंकलो आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

मारेनचं काम उंच मनोऱ्यावरून खेळ टिपायचं, आणि नंतर प्रत्येक डावात, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या एकेका झटापटीत, टाइट एंडना अधिक की उणे, ते लिहायचं. कोच तिच्या नजरेवर डोळे मिटून सही करायचे. याचा तिला भारी अभिमान होता.

"चल, दाखवतेच तुला," ती म्हणाली.

फिल्म बघायच्या खोलीत तिनं डाव लावला. "बघ. तुझा माणूस तुझ्या बगलेखालून गेला."

"हे बाजूनं काढलेलं आहे. मागचा कॅमेरा लाव."

तिनं लावला… आणि तिचे कान लाल झाले. गसनं तो माणूस मुद्दाम लामॉन्टसाठी सोडला होता. लामॉन्ट पिकेट हा त्याचा जोडीदार, दुसरा टाइट एंड. स्वतः गस पुढे जाऊन दुसऱ्याच एका धिप्पाड गड्याला ढकलत घेऊन गेला होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

"…चुकलं माझं."

"काय? ऐकू नाही आलं. वारा आहे ना."

"खिडक्या बंद आहेत, गस."

"तरी एकदा!"

त्यानंतर तो रोजच संध्याकाळी यायला लागला. हातात दोन वाट्या चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दोन दालचिनीचे गोड रोल. मारेन त्याच्या रोलवरची साखर खरवडून खायची आणि तो न पाहिल्यासारखं करायचा. एकदा तिनं सहज विचारलं, "चार वर्षांत तुझ्याकडे कुणी एकदाही चेंडू फेकला नाही. वाईट नाही वाटत?"

"मला नाही वाटत. मला अडवायला आवडतं." त्यानं वाटीत चमचा फिरवला. "बाबांसाठी वाटतं… ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. शनिवारी कुठल्या ना कुठल्या हायवेवर असतात, रेडिओवर सामना ऐकत. रेडिओवाले अडवणाऱ्याचं नाव कशाला घेतील? घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला सुट्टी काढून येतायत. एकदा… एकदाच त्यांनी माझं नाव ऐकावं."

मारेननं चमचा खाली ठेवला आणि कागद ओढून त्यावर एक डाव आखला.

तीन टाइट एंड दिसले की समोरच्यांना वाटतं, आता हे धक्के देत पळणार. ते आपले सगळे जाडजूड गडी पुढे दाटीवाटीनं आणतात. गसकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यानं क्षणभर अडवल्याचं नाटक करून कोपऱ्यात सटकायचं. तिथं त्याला अडवणारं कोण असणार?

"कोलार?" कोच कागद बघून म्हणाले. "अगं, त्याला हात नाहीत, विटा आहेत!"

"चार वर्षांत तुम्ही फेकून बघितलंय का कधी?"

कोचनी हनुवटी खाजवली. "शेवटी गरज पडली तर बघू."

मग दोन दिवस मारेन फेकत होती आणि गस पाडत होता.

"हे फेकणं आहे की माझ्यावरचा राग?"

"आधी झेल, मग बोल!"

तिसऱ्या दिवशी त्यानं ओळीनं अकरा झेलले. अकरावा छातीशी धरून त्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं, की बारावा फेकायचा ती विसरूनच गेली.

शनिवारी शेवटच्या वर्षाची पोरं आईवडिलांचा हात धरून मैदानात आली, रिवाजाप्रमाणे. गसच्या बाबांनी, मिलो कोलारनी, नवं जाकीट घातलं होतं आणि काखेत कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा होता. तो ठेवायचा कुठं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि टचडाउनची रेघ सहा यार्डांवर होती; तिच्यापार चेंडू झेलला, की सहा गुण. तीन टाइट एंड ओळीला लागले. रेघेमागच्या मनोऱ्यावर मारेननं कॅमेरा रोखला. तिचाच डाव होता तो.

सगळं ठरल्यासारखं झालं. जाडजूड गडी पुढे दाटले. गस सटकला. कोपरा मोकळा होता, अगदी मोकळा! आणि तेवढ्यात बाहेरच्या बाजूनं एक बचावपटू वळसा घालून सुसाट निघाला, थेट चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीवर. त्याला अडवायला कुणीच नव्हतं.

गसनं ते पाहिलं. मोकळा कोपरा त्याच्यासमोर होता… आणि तो मागे फिरला. सगळं अंग त्यानं त्या माणसावर झोकून दिलं. दोघे धाडकन आदळले. त्यांच्यावरून चेंडू गेला आणि लामॉन्टनं झेलला.

टचडाउन! भोंग्यावर लामॉन्ट पिकेटचं नाव तीनदा घुमलं. गसचं एकदाही नाही.

मारेन कॅमेरा घेऊन धावत खाली आली, तर बापलेक मैदानाच्या कडेला उभे होते.

"छान खेळलात रे," मिलो चाचरत म्हणत होते. "मी… मी चेंडूकडेच बघत होतो. तू कुठं होतास?"

"खाली पडलो होतो, बाबा." गस हसला. मारेनला ते हसू बघवेना.

"मिस्टर कोलार, हे बघा." तिनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्यापुढे धरला. "चेंडू सोडा. इथं, टोकाला बघा."

त्यांनी पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी चष्मा पुसला.

"कोपरा मोकळा होता."

"हो."

"तरी फिरला…" त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. बराच वेळ. मग मारेनला विचारलं, "डाव कुणी काढला होता हा?"

"मी."

"मग यानं मोडला की! राग नाही आला तुला?"

"आला. दोन सेकंद. मग इतका अभिमान वाटला, की माझा हात थरथरला. हे बघा, इथं चित्र हललंय." मारेनचा आवाजही हलला, पण ती थांबली नाही. "माझं प्रेम आहे याच्यावर, मिस्टर कोलार. त्याला अजून सांगितलेलं नाही."

"पोरी, तो इथंच उभा आहे."

"माहितीय मला."

कपाळावर माती, ओठ फुटलेला… गस तिच्या शेजारी येऊन वाकला, इतका, की त्याचा गाल तिच्या केसांना लागला.

"पुन्हा लाव ना," तो हळूच म्हणाला.

"कुठलं? तू अडवलंस ते?"

"नाही… चित्र हललं ते."