मंदार सुतारांचा पहिला दिवस

अर्ज करून एकवीस दिवस झाले, तरी मंदार सुतारांचा पहिला दिवस काही संपत नव्हता. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मोजणी पुसली जायची आणि पडद्यावर पुन्हा एकचा आकडा यायचा.

"चहा बंद केला, रेडिओ बंद केला," त्यांच्या पत्नी शीतलकाकू मोजणी तपासायला येणाऱ्या डॉ. ईरा मगदूमला म्हणाल्या. "तंबोऱ्यांच्या कारखान्याकडची खिडकीसुद्धा लावून घेतली. आणखी काय बंद करू, तूच सांग की!"

इच्छामरणाचा कायदा येऊन चौदा वर्षं झाली होती. सुरुवातीला अर्ज आणि दोन डॉक्टरांच्या सह्या पुरत. मग म्हाताऱ्यांच्या तोंडून घरचेच बोलतात, असे काही खटले गाजले आणि सरकारने माणसाच्या शब्दावरचा विश्वासच काढून घेतला. त्या जागी आला जिजीविषामापक. जिजीविषा म्हणजे जगण्याची इच्छा. कानामागे चिकटवलेली ही बटणाएवढी चकती मेंदूचा एकच कोपरा ऐकते. आपण कशाची तरी वाट पाहत असलो की तो जागा होतो. ज्याला उद्याकडून काहीच नको, त्याला जगायचं नाही, असा शास्त्रज्ञांचा तर्क. पडद्यावरची रेघ सलग तीस दिवस लाल खुणेखाली राहिली की परवानगी. एकदा वर गेली की पहिल्यापासून सुरू. कागदावर ही सोय अगदी निर्दोष होती.

मंदारकाकांनी मिरजेत पन्नास वर्षं तंबोरे घडवले, जुळवले. आजाराने आधी पाय नेले, मग हात, आता गळा. घोटभर पाणी गिळताना ते गुदमरत आणि डोळे पांढरे करत. सव्वादोन महिन्यांत श्वासयंत्र लावावं लागणार होतं. त्या यंत्राने चकतीची मोजणी बिघडते, म्हणून यंत्रावर गेलेल्याचा अर्ज रद्द होतो. पुढे मग वर्षानुवर्षं नुसतं पडून राहायचं. काकांना त्याचीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी ईरा सातच्या आधीच येऊन पलंगाशी बसली. सात पाचला रेघ वर गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात काकूंनी दूध तापत ठेवलं आणि भूपाळी गुणगुणायला लागल्या.

"काका, हे गाणं आवडतं तुम्हाला?"

"आवडतं?" काका एकेक शब्द ओढून काढत म्हणाले. "चाळीस वर्षं सांगतोय. हिचा गंधार उतरतो. कानाला नुसता त्रास."

"पण रेघ त्या गायच्या आधीच वर गेली. तुम्ही वाट बघत होता."

रोज ज्यावरून बायकोला बोलायचं, तो बेसूरच त्यांना रोज हवा होता. तंबोरे जुळवणाऱ्या माणसाला ही गोष्ट चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका बटणाने सांगावी, याला काय म्हणावं! त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते पुसायला हात चालत नव्हते.

काकू पदराने ते पुसायला पुढे आल्या. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं.

"मग मी गप्प राहते," त्या म्हणाल्या. नवऱ्याने जन्मात असं गोड काही सांगितलं नव्हतं. सांगितलं, तर त्याचा अर्थ तोंड बंद ठेव असा निघाला.

आठवडाभर रेघ सातला वर जायची आणि काहीच ऐकू आलं नाही की हिरमुसून खाली यायची. आठव्या दिवशी ती उठलीच नाही. मोजणी सुरू झाली.

"त्यांना मरायचंय म्हणून ती खाली गेली," काकूंनी ईराला विचारलं, "का मी त्यांचं जगायचं कारण काढून घेतलं म्हणून? तुझी चकती सांगेल?"

"नाही, काकू. ती कारण विचारत नाही."

एकोणतीस दिवस घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज झाला नाही. तिसाव्या सकाळी परवानगीचा कागद यायचा होता, म्हणून ईरा लवकर आली. सहा वाजता रेघ लाल खूण ओलांडून वर गेली.

"देवाशपथ, मी हूं की चूं केलं नाही!" काकू ओरडल्या.

ईरा पडद्यावरून काकांकडे वळली. "काका, आज कशाची वाट बघत होता?"

"आजचीच," काका म्हणाले. "सुटायची."

मरणाची वाट पाहणं हेही वाट पाहणंच. चकतीला त्यातला फरक कळत नव्हता आणि कायदा करताना तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. ज्याला मरणाचीही आस उरलेली नाही त्यालाच ते मिळणार. आणि असा माणूस अर्ज कशाला करील?

"मी वर लिहून कळवते," ईरा म्हणाली.

"काय लिहिशील? माझ्या शब्दावर विश्वास ठेवा?" काकांना हसू आलं आणि त्यातच ठसका लागला. काकूंनी त्यांना कुशीवर वळवलं. ठसका थांबेपर्यंत त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नवरा आज जात नाही याचा त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

श्वासयंत्राच्या आधी तीस दिवस अजून एकदाच बसत होते, तेही आजपासून रेघ खाली राहिली तर. हे तिघांनाही माहीत होतं.

"अहो," काकूंनी अगदी हळू विचारलं, "उद्या भूपाळी म्हणू का?"

"नको," मंदारकाका म्हणाले.

ईराच्या हातातल्या पडद्यावर रेघ वर गेली. काका आणि रेघ या दोघांपैकी कायदा फक्त रेघेचंच ऐकत होता.